चौथा पाहिला, ठीक आहे

मावशीच्या घरात भांडं वाजत नसे. स्टीलच्या ताटांच्या मध्ये तिने जुन्या लुगड्याचे चौकोन कापून घातले होते, चमचे फडक्यात गुंडाळलेले असत, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की ती हातातलं काम टाकून ओट्याकडे धावे आणि गॅस बारीक करी. मग ती शिट्टी ओरडण्याऐवजी नुसताच दमल्यासारखा सुस्कारा सोडी. मी आले होते कणकवलीहून. आमच्या घरात सहा माणसं, एक मोरी, आणि सकाळपासून कुणी ना कुणी कुणाला तरी हाका मारत असलेलं. तिथे घर शांत झालं की शेजारीण डोकावून विचारायची, कोण आजारी आहे का. त्यामुळे मावशीच्या घरातली शांतता मला पहिल्याच दिवशी भोवली. परात धुताना माझ्या हातून निसटली आणि फरशीवर गोल गोल फिरत वाजत राहिली. काका जेवत होते. त्यांचा घास तोंडाशी गेलेला तिथेच थांबला. ते रागावले नाहीत, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते वर छताकडे पाहत राहिले, श्वास धरून, जसं काही वरून कुणी तरी जाणार होतं आणि ते गेल्याशिवाय हलायचं नव्हतं. मावशी हळूच म्हणाली, "झालं हो. परात होती." तेव्हा कुठे घास तोंडात गेला.

नंतर भांडी पुसताना मावशीने मला समजावलं. काका म्हणजे तिचे यजमान. वेंगुर्ल्याकडचे, आणि नोकरीची सगळी वर्षं आरमारात पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन. आपल्या त्या वेळच्या पाणबुड्या रशियन बनावटीच्या, डिझेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या. त्या चालवायला शिकण्यासाठी काकांना तरुणपणी रशियातल्या एका गोठलेल्या बंदरात पाठवलं होतं, तिथे ते ती भाषा शिकले आणि काळ्या पावावर लोणी लावून खायलाही शिकले. पाण्याखाली लपून बसलेलं असताना कुणाच्या हातून पाना पडला तर तो आवाज वरच्या जहाजाला ऐकू जातो, असं मावशी सांगत होती. "निवृत्त होऊन किती वर्षं झाली त्यांना," ती म्हणाली, "पण कान अजून नोकरीत आहेत." आणि ती हसली, तेही आवाज न करता. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काढून तिचंही हसणं तसं झालं होतं.

मी तिथे कशी पोचले हे थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. नववीत गणितात गेले आणि बाबांनी पुन्हा बसवलं नाही. पाठीमागे बहिणी होत्या. शिवणक्लासला जात होते, तिथेही माझी शिवण वाकडी जायची. तेवढ्यात हॉलंडहून मावशीचं पत्र आलं की इथल्या थंडीने तिचे गुडघे धरलेत, घरात हाताखाली कुणी तरी हवं, आणि काकांच्या मालकांना बोटीवर लोकांना तिकिटं द्यायला, आत-बाहेर करायला एक मुलगी हवी आहे. कागदपत्रं कुणी कशी जमवली ते मला तेव्हाही कळलं नाही. मला एवढंच कळलं की आपल्याला कुणी तरी बोलावलं. मी इतकी कृतज्ञ होते की माझं मलाच त्याचं ओझं व्हायचं. पोळी एक कमी घ्यायची, अंघोळीला पाणी कमी वापरायचं, कप प्यायल्याबरोबर धुवायचा. माझी बॅग खाटेखाली होती आणि ती मी कधी पुरती रिकामी केली नाही. दोन फ्रॉक, एक स्वेटर आणि आईने दिलेलं कोकम वर काढलं, बाकीचं तसंच ठेवलं. कधी जा म्हणाले तर पटकन निघता यावं. आज इतक्या वर्षांनी कुणाकडे दोन रात्री राहायला गेले तरी माझी बॅग अर्धी भरलेलीच असते. मुलगी चिडवते. सवय जात नाही.

तर ती बोट. आम्सटरडॅमच्या उत्तरेला, पाण्यापलीकडे, एक बंद पडलेली गोदी होती. गंजलेल्या क्रेन, रिकाम्या शेडा, आणि वाऱ्याला अडवायला काहीही नाही. तिथे धक्क्याला ती काळी लांबलचक पाणबुडी बांधून ठेवलेली होती. महायुद्ध संपल्यानंतर रशियनांनी ज्या पहिल्या मोठ्या पाणबुड्या बांधल्या त्यांपैकी ती एक. पश्चिमेकडच्या लोकांनी त्या जातीला झुलू असं नाव दिलेलं. काका ज्या बोटीवर होते ती हिच्या नंतरच्या जातीची, म्हणून काका हिला 'आमच्या बोटीची थोरली बहीण' म्हणायचे. हेंक नावाच्या डच माणसाने ती विकत घेतली होती, लोकांना तिकीट लावून दाखवायला. पण आतली प्रत्येक पाटी, प्रत्येक चावी रशियनमध्ये. हेंकला कुठलं झाकण उघडलं तर पाणी येईल आणि कुठलं उघडलं तर नुसता वास येईल हेसुद्धा समजत नव्हतं. पेन्शनीनंतर काका एका मालवाहू जहाजावर इथल्या बंदरात आले होते, तेव्हा कुठून तरी ओळख निघाली आणि हेंकने त्यांना ठेवूनच घेतलं. हेंक सांगायचा, मला नावाने हाक मार. काका मान डोलवायचे आणि 'हेंकसाहेब' म्हणायचे.

बोटीच्या आत सात कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला भिंतीत गोल दार, दार कसलं, मोठ्या परातीएवढं भोक. त्यातून आधी पाय घालायचे, मग वाकून अंग, मग डोकं. त्याचं जाड लोखंडी पाखं, म्हणजे झडप, लावून दांडा फिरवला की पाण्याचा थेंब आत येत नाही. आत डिझेलचा वास असा बसलेला की इंजिनं कित्येक वर्षांत सुरू झाली नसली तरी तो जात नव्हता. माझ्या केसांना यायचा, पोळ्यांनासुद्धा यायचा असं मला वाटे. मी डच भाषा तिथेच शिकले, वर्गात नाही. लोक जे विचारत ते ऐकून, आणि काका मराठीत जे सांगत ते डचमध्ये मोडकंतोडकं करून सांगताना. इथे इतकी माणसं कशी झोपत? पाळीपाळीने, एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा. अंघोळ? नाही. संडास? तो साफ करायचा म्हणजे एक शास्त्रच होतं, त्यावर सगळे हसत. मग मी गोल दाराजवळ थांबून सांगायची की धोक्याची घंटा वाजली की ज्या कप्प्यात आहात तिथलं दार लावून घ्यायचं. पाणी शिरलं असेल, आग लागली असेल, काही असो. एक कप्पा गेला तरी बोट वाचते. दार उघडं राहिलं तर कुणीच वाचत नाही. आणि पलीकडून कुणी ठोकलं, हाक मारली, तरी उघडायचं नाही. मधल्या कप्प्यातून, जिथे कप्तान असतो तिथून, खबर आली तरच. हे ऐकून लोक गप्प व्हायचे, एखादी बाई दंडावरून हात फिरवायची. मी दिवसातून किती वेळा ते सांगत असेन, कोण जाणे. शब्द तोंडात झिजून गुळगुळीत झाले होते. त्यांच्यामागे काही आहे असं वाटेनासं झालं होतं.

संध्याकाळी बोट बंद करायची तर काकांची एक पद्धत होती. ते मधल्या, म्हणजे तिसऱ्या कप्प्यात उभे राहायचे. प्रत्येक कप्प्यात पितळी बोलनळी होती, तोंडावर झाकण असलेली. मी पुढून सुरुवात करून एकेका कप्प्यात जायची, जमीन कोरडी आहे ना, दिवा बंद आहे ना, कुणी मागे राहिलं नाही ना ते पाहायची, आणि नळीत बोलायची: "पहिला पाहिला, ठीक आहे." काका तिकडून नुसतं "हं" म्हणायचे. रशियनांकडून शिकलेली रीत, शब्द तेवढे मराठी. एकदा पाय इतके दुखत होते की मी सहाव्यातूनच सातव्याचंही सांगून टाकलं. नळीतून काकांचा आवाज आला, "पाहिलास की नुसतं म्हणालीस?" मी गुपचूप सातव्यात गेले. ओरडले नाहीत ते. पण त्यानंतर न पाहता मी कधीच म्हणाले नाही. घरीही हेच चालायचं. झोपायच्या आधी काका पलंगावर बसून वाट पाहत, आणि मी आतून सांगायची, "स्वयंपाकघर पाहिलं, ठीक आहे. मोरी पाहिली, ठीक आहे." हे म्हणजे आमच्या घरचं शुभंकरोतीच होतं म्हणा ना. मावशी उशीत तोंड घालून हसायची. मला मात्र त्या "हं"मध्ये काही तरी मिळायचं. कणकवलीत मी झोपले का, कुठे झोपले, कुणी विचारत नसे.

जेवणाचं आठवलं की अजून दमायला होतं आणि बरंही वाटतं. तिथल्या थंडीत पीठ आंबायचं नाही. मावशी आंबोळ्यांचं पातेलं हीटरवर शाल गुंडाळून ठेवायची आणि अधूनमधून त्याच्याशी बोलायची. नारळ डब्यातला, त्याची सोलकढी गुळमट लागायची, कोकम जास्त घालून ती त्यावर मात करायला बघायची. बांगडा मिळत नसे म्हणून इथली हेरिंग रव्यात घोळवून तळायची आणि खिडकी किलकिली करून ठेवायची, वरच्या मजल्यावरची म्हातारी वासावरून कुरकुरते म्हणून. सगळ्यांत जास्त व्हायची ती कुळथाची पिठी आणि भात. रविवारी बोटीवर गर्दी असे, तेव्हा मावशी गुडघे सांभाळत, फुकटच्या फेरीबोटीतून, जिला इथे पोंट म्हणतात, डबा घेऊन यायची. चौथ्या कप्प्यात खलाशांचं स्वयंपाकघर आणि झोपायच्या फळ्या होत्या. तिथल्या खालच्या फळीवर बसून आम्ही पाळीपाळीने जेवायचो. मावशीने दिवाळीनंतर शेंगदाण्याचे लाडू केले होते, ते काकांच्या खिशात कायम. बोटीवर तेवढंच खाणं आवाज न करता खाता येतं, असं ते म्हणत.

तो रविवारच होता. नोव्हेंबरचा, पाऊस आडवा येणारा, आणि अशा दिवशी लोकांना घरात मुलं सांभाळवत नाहीत म्हणून बोटीवर ही गर्दी. मी सकाळपासून शिडीवर चढ-उतर करून थकले होते. गट मोठा झाला की आम्ही तो दोन भागांत नेत असू: पुढचे काकांबरोबर, मागचे माझ्याबरोबर. काका पाचव्या कप्प्यात, इंजिनांच्या, पोचले होते. मी चौथ्यात, मावशी डबा घेऊन फळीवर बसलेली. माझ्याबरोबर जे होते त्यांत एक तरुण आई होती, तांबूस केसांची, पावसाळी पिवळ्या जॅकेटातली. तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा धीर न धरवून काकांच्या मागे गोल दारातून पाचव्यात गेला होता आणि ती हसत म्हणत होती की या मुलाला थांबणं माहीतच नाही. आणि हेंक तिसऱ्या कप्प्यात होता. त्याने एक बेत केला होता. कुणी एक इलेक्ट्रिशियन बोलावून बोटीची जुनी धोक्याची घंटा त्याने दुरुस्त करून घेतली होती, आम्हाला न सांगता, खास काकांना खूश करायला. आज गर्दी आहे, आज वाजवू, असं त्याने ठरवलेलं.

ती वाजली तेव्हा मला ती आधी कानांत नाही, दातांत ऐकू आली. लोखंडाच्या पोटात घंटा वाजते तेव्हा आवाज कुठून येतो ते समजत नाही, चहूकडून येतो. लोक दचकले, मग एक-दोघं हसले. मी गोल दाराकडे पाहिलं. पलीकडे काकांचा चेहरा होता. माझ्याकडेच वळलेला, आणि तरी त्यांनी मला पाहिलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या क्षणी पाखं आलं आणि बसलं. दांडा आतून फिरला. घंटा थांबल्यावर तो फिरलेला दांडा मला अजून ऐकू येत होता.

मी आधी हसतच म्हणाले, काका, मी आहे. मग हात लावून पाहिला, पाखं हलेना. मग ठोकलं. "काका, मी शैला. उघडा." माझ्या मागे ती आई जॅकेटचा आवाज करत पुढे आली आणि तिने दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. तिचं मूल पलीकडे होतं. ती त्याचं नाव घेऊन ओरडत होती आणि मला विचारत होती की तो माणूस काय करतोय, तो काय करतोय. मी पुन्हा हाक मारली, आणि खरं सांगायचं तर त्या हाकेत त्या मुलाची काळजी नव्हती. मला एकच वाटत होतं: काकांना माझा आवाज माहीत आहे आणि तरी ते उघडत नाहीत. मी कोण लागते त्यांची? बायकोच्या बहिणीची मुलगी.

मावशीने मागून माझा खांदा धरला. तिला डच येत नव्हतं, तिने त्या बाईच्या मुठी दारावरून सोडवून घेतल्या आणि तिला फळीकडे नेत म्हणाली, "बस गो बाई, बस. काही होत नाही." ती बाई का बसली देव जाणे, पण बसली. मग मावशी मला म्हणाली, "ठोकू नकोस. मी हाक मारली तरी ते उघडायचे नाहीत. रोज लोकांना काय सांगतेस तू? जा, मधल्यात जा. खबर दे."

मी तिसऱ्यात शिरले तर हेंक घंटेच्या बटणाशी उभा, चेहरा दिवाळीसारखा. छान वाजली ना, त्याने विचारलं. मग त्याला पलीकडचं ओरडणं ऐकू आलं आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. मी त्याच्या बाजूने जाऊन बोलनळीचं झाकण काढलं, तोंड लावलं, आणि शब्द ओठांवर आले तेव्हा थांबले. मी पाहिलं नव्हतं. हसू येईल तुम्हाला, पण त्या वेळी मला ते म्हणवेना. मी मागे वळले, गोल दारातून वाकून चौथ्या कप्प्यात नीट पाहिलं. जमीन कोरडी होती. धूर नव्हता. लोक भिंतींना चिकटून उभे होते आणि मावशी त्या बाईचा हात मांडीवर घेऊन चोळत होती, थंडीत माझा चोळायची तसा. मग नळीत म्हणाले, "चौथा पाहिला, ठीक आहे."

तिकडून काहीच नाही. हेंक माझ्याकडे पाहत होता. मग नळीतून एक आवाज आला, तो काकांचा होता पण मी तो कधी ऐकला नव्हता, तरुण माणसाचा, कसल्याही थकव्याशिवायचा. "पाचवा पाहिला, ठीक आहे. दार उघडतो."

आधी मुलगा बाहेर आला. त्याच्या नाकाला ग्रीस लागलं होतं आणि गालात लाडू होता. काकांनी त्याला इंजिनापाशी स्टुलावर बसवून डोक्यावर हात ठेवला होता म्हणे, सगळा वेळ. तो आईला म्हणाला, पुन्हा कधी करणार? तिने त्याला उचललं. तिने काकांकडे पाहिलं नाही. वर जाऊन तिने हेंकला सांगितलं की ती खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तक्रार करणार आहे, अशा माणसाला लोकांमध्ये ठेवू नये. काका सगळ्यात शेवटी दारातून बाहेर आले. आपल्या हातांकडे पाहत होते, तळवे वर करून, जसं ते हात कुणाकडून उसने आणले होते.

त्या संध्याकाळी मावशीने पिठी-भातच केला. कुणी बोललं नाही, पण आमच्या घरात ते नवीन नव्हतं. नवीन हे होतं की झोपायच्या वेळी काकांनी वाट पाहिली नाही. मी आतून म्हणाले, "स्वयंपाकघर पाहिलं, ठीक आहे," आणि "हं" आलं नाही. मी खाटेवर पडून खालच्या बॅगेचा विचार करत राहिले. काकांची नोकरी गेली तर तिघांनाही जावं लागणार, ते दोघं वेंगुर्ल्याला आणि मी कणकवलीला, त्याच मोरीपाशी, नववी नापास. मला घर आठवत नव्हतं असं नाही. पण परत जाणं आणि परत पाठवलं जाणं यात फरक असतो, आणि तो परत जाणाऱ्यालाच कळतो.

सोमवारी हेंकने दोघांना बोलावलं. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं, तिथे त्याने आमच्यासाठी कॉफी करून ठेवली होती, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. बोलायचं माझ्यामार्फत. त्याने विचारलं की ती बाई बडवत होती तेव्हा ते का उघडलं नाही, ऐकू आलं नाही का. मी ते मराठीत सांगितलं, जरा मऊ करून. काकांनी ते ओळखलं. म्हणाले, "त्यांना सांग, घंटा वाजली की दार लागतं. पुन्हा वाजली तर पुन्हा लागेल. माझ्या हातात नाही ते. नीट सांग, गोड करून सांगू नकोस." मी कप आवाज न होऊ देता खाली ठेवला आणि जसंच्या तसं सांगितलं. आता संपलं, असं मनात म्हणत सांगितलं. हेंकने खिडकीतून बोटीकडे पाहिलं. मग म्हणाला, घंटा मी वाजवली. तुमच्यासाठी होती ती, पण तुम्हाला विचारायला हवं होतं. खेमेंटेला मी तसं सांगेन. पण दारांचे दांडे काढावे लागतील, सगळ्या दारांचे, लागूच नयेत अशी करावी लागतील, नाहीतर मला लोकांना आत सोडता येणार नाही. आणि ते तुम्हीच काढाल का, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. काकांनी मान डोलावली. "हो, हेंकसाहेब." याचं मी भाषांतर केलं नाही. ते हेंकला समजलं.

दांडे काढायला आठवडा गेला. काका दर महिन्याला त्यांना तेल घालत, त्यामुळे ते सहज निघाले, आणि मला वाटतं त्याचंच त्यांना जड गेलं. प्रत्येक दांडा पुसून त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने ठेवला. शेवटचा, चौथ्या-पाचव्याच्या मधला, काढून झाल्यावर आम्ही पोंटवर आलो. गर्दी होती, सायकलींची चाकं पोटऱ्यांना घासत होती, कुणी तरी कागदाच्या पुड्यातून गरम बटाटे खात होतं. वाऱ्यात उभं राहून, त्यांच्याकडे न पाहता, मी विचारलं.

"काका, मी हाक मारली होती. ऐकू आली होती तुम्हाला?"

"पहिलीच ऐकू आली."

"मावशी पण होती तिथे."

"माहीत होतं." मग ते म्हणाले, "दाराशी उभं राहिल्यावर पलीकडे कोण आहे याचा विचार करायचा नाही, असं आम्हाला शिकवलं. विचार केला तर हात चालत नाही, म्हणून. मी सगळा वेळ विचार करत होतो, शैला. तरी हात चालला."

पोंट धक्क्याला लागली. सायकलवाले घंट्या वाजवत पुढे निघाले आणि काका त्या घंट्यांनी दचकले की थंडीने शहारले, मला सांगता येणार नाही. रात्री आतून मी सांगितलं, मोरी पाहिली, ठीक आहे. "हं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे गट दोन भागांत करायला लागले तर काकांनी मला थांबवलं. दोन भाग नकोत. सगळे एकत्र जातील, लागू दे वेळ. "मी ज्या कप्प्यात, त्याच कप्प्यात तू. आधी तू दारातून जायचं, मग मी." मी म्हणाले, आता दारं लागत नाहीत काका, दांडे कुठे आहेत? "माहीत आहे मला," ते म्हणाले, "मीच काढले." मावशीचं काय, विचारलं, तर म्हणाले ती वर तिकिटाच्या खोलीत बसेल, तिचे गुडघे नाहीतरी दुखतात. आणि तसंच चाललं, बोट होती तोवर. अरुंद कप्प्यांत लोकांची दाटी व्हायची, कुणी कुरकुरायचं, माझ्या पायांचे तर हाल. प्रत्येक गोल दाराशी ते मला आधी पुढे घालायचे, मी पलीकडे उतरले की मागोमाग स्वतः यायचे, आणि मगच बाकीचे. त्यांनी मला दार उघडण्याचं वचन कधी दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतं ते. जे देता येण्यासारखं होतं ते त्यांनी दिलं. त्या हिवाळ्यात कधी तरी मी बॅगेतलं बरंचसं सामान कपाटात लावलं. सगळं नाही, पण बरंचसं.

पुढे हेंकने बोट विकली. नव्या लोकांनी आतल्या भिंती तोडून तिथे पार्ट्यांसाठी हॉल केला, मग तेही मिटलं, आणि एक दिवस तिला भंगारात ओढून नेलं असं कुणी तरी सांगितलं. आम्ही पाहायला गेलो नाही. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करते, चादरींच्या गठ्ठ्यांनी खांदे गेलेत, पण काम आहे आणि मी त्याबद्दल अजून रोज मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानते. आम्सटरडॅमजवळ उइटहॉर्नला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे आणि काका आमच्याकडे असतात. ऐंशी ओलांडलीय. पुष्कळ गोष्टी विसरतात, मी कुणाची मुलगी हेही कधी कधी. आमची ताटं अजून लुगड्याच्या चौकोनांवर असतात.

खाली फिरायला नेलं की परत येताना लिफ्ट लागते. दार मिटायला लागलं की काका माझी बाही पकडतात आणि मला आत ओढतात, मी आतच असले तरी. माझी मुलगी मराठी समजते पण बोलते डचमध्ये. ती हसून म्हणते, आजोबा लिफ्टला घाबरतात. मी हो म्हणते. दमलेली असते मी त्या वेळी, कामावरून आलेली, हातात भाजीची पिशवी. दार पूर्ण मिटेपर्यंत त्यांची मूठ सुटत नाही. मग ते खालीवर पाहतात, मी आहे ते पाहतात, आणि म्हणतात, "हं."